पायाखालची माती – ७ : सड्यावरची वीतभर माती

गेल्या आठवड्यात आपण खाडीकाठच्या खाजणात होतो. आज घाटी चढून सड्यावर जाऊ. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात गाव खाली आणि सडा वर, ही नेहमीची मांडणी. वर काळपट कातळ, त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर तांबडी खडेरी माती. मध्येच एखाद्या खळग्यात हातभर. सातबाऱ्यावर यातलं बरंचसं ‘पोटखराब’ म्हणून निकालात निघालेलं असतं.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढे आठ महिने ऊन. लाखो वर्षं हे चाललं आणि खडकातला चुना, पालाश, सिलिका धुऊन गेली. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तोच आपला जांभा. त्यावरची माती आंबट. तिला स्फुरद द्या, लोह-ॲल्युमिनियम ते घट्ट धरून बसतं, मुळांना फारसं मिळत नाही. नत्राची तर अशी वानवा, की श्रावण-भाद्रपदात कातळावर निळी चादर पसरणारी सीतेची आसवं चिमुकल्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवतात.

पाणीही वर थांबत नाही. जांभा सच्छिद्र, पाऊस आत मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि पायथ्याशी झरा होऊन निघतो. शिमग्याला सडा ठणठणीत कोरडा आणि खालच्या माडाच्या बागेला मात्र ओल, याचं कारण हेच. सडा नासवला तर आधी खालच्या विहिरी बोलतात.

जुन्या माणसांनी या मातीकडून बेताचंच मागितलं. वरकस उतारावर कवळं जाळून राब करायचा, राखेतून पालाश मिळायचा, आंबटपणाही थोडा उतरायचा. आधी नाचणी, मग वरी, हरीक, आणि पुढे काही वर्षं जमिनीला विश्रांती. आज कोणाला तेवढी सवड नाही, हे खरं.

पोर्तुगीजांबरोबर आलेल्या काजूने हे गणित बदललं. खोल माती नसली तरी काजूला भेगाळलेला खडक चालतो. फट सापडली की मूळ खाली उतरतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती आज सर्वांच्या तोंडी आहेत. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि सडे झपाट्याने हिरवे झाले. देवगडात तर कातळाला सुरुंग लावून, बाहेरची माती भरून हापूस उभा केला.

मात्र खड्डा मीटरभर खोल मारला म्हणजे झालं, असं नाही. तळ अखंड कातळाचा असेल तर ती नुसती टाकी होते. पावसाळ्यात खड्डा भरू द्यावा आणि उघडीप पडली की बघावं: दोन दिवसांनीही पाणी तसंच असेल तर तिथे कलम कुजणार. तळ फोडावा, नाहीतर जागा बदलावी. माझ्या मते माती परीक्षणाच्या कागदाआधी ही परीक्षा करावी.

आणि जेसीबी फिरवून सडा सपाट करायची घाई नको. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पं आहेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातल्या ज्या जागा गेल्या त्यांत कुडोपीही आहे. यंत्र लावण्यापूर्वी पायाखाली काय कोरलंय ते झाडून बघायला अर्धा दिवस पुरतो. चिरेखाण काढायचीच असेल तर वरची माती आधी खरवडून कडेला रचून ठेवावी, गवत लावून. खाण संपल्यावर तीच खड्ड्यांत परत भरता आली, तर तिथे काजू लागेल.