पाठ टेकून, पाय पुढे

पुष्कळ घरांत जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात एक सायकल उभी असते. तिच्यावर धूळ साचलेली असते, टायरमधली हवा केव्हाच गेलेली असते. तरी ती भंगारात द्यायचे कोणी मनावर घेत नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाने ती तीस-चाळीस वर्षे चालवलेली असते. मग एके दिवशी सिग्नलपाशी पाय टेकताना तोल जातो, थोडेसे खरचटते आणि घरचे निर्णय देतात, ‘आता पुरे.’ निर्णय मायेपोटीच असतो. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे, ते दुसरा निर्णय देणार तरी कसा? परंतु त्या दिवशी केवळ व्यायाम थांबत नाही. कोणाला न विचारता, कोणावर न विसंबता, हवे तिथे जाऊन येण्याची मुभाही संपते.

गंमत अशी की, अशा माणसाचे पाय पुष्कळदा शाबूत असतात, दम टिकतो, इच्छा तर असतेच. साथ सोडलेली असते ती एकट्या तोलाने. आणि तोल ही सायकल चालवण्याची अट नाही. ती सायकलच्या एका विशिष्ट आकाराची अट आहे. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल जगात शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. तिला ‘रिकम्बंट’ म्हणतात. तिच्यात सीटच्या जागी आरामखुर्चीसारखी बैठक असते, पेडल पायांच्या खाली नसून समोर असतात आणि चेन नेहमीच्या सायकलच्या दुपटी-तिपटीने लांब असते. ही दुचाकी असते, तशी तीनचाकीही. इतकी जुनी वस्तू बहुतेकांनी पाहिलीही नसावी, याला एक कारण आहे, आणि ते पॅरिसमध्ये सापडते.

शार्ल मोशे हा तिथला एक कल्पक वाहननिर्माता. त्याचा मुलगा जॉर्ज सायकलसाठी हट्ट धरून बसला. आईला मात्र दुचाकी धोक्याची वाटे. मोशेने मधला मार्ग काढला आणि पेडलवर चालणारी एक छोटी चारचाकी मुलाला करून दिली. पोरगा त्या गाडीतून सायकलवाल्या मित्रांना मागे टाकू लागला, तेव्हा बापाचे डोळे उघडले. पुढे त्याने मोठ्या माणसांसाठी दोन आसनांची ‘व्हेलोकार’ काढली. मोटार ज्यांना परवडत नव्हती, त्यांना ती आवडली. वेगात वळताना मात्र चार चाके दगा देत. तेव्हा त्याने गाडी जणू मधोमध कापून तिची दुचाकी केली. बैठक तीच, पाय समोरच.

ही दुचाकी शर्यतीत उतरवायची, तर नामांकित खेळाडू हवा होता. पण नामांकितांना हसे करून घ्यायचे नव्हते. अखेर फ्रान्सिस फॉर हा दुय्यम श्रेणीतला स्पर्धक तयार झाला. त्याची थट्टा झाली, आणि लवकरच थांबली. 7 जुलै 1933 रोजी त्याने पॅरिसच्या धावपट्टीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले. 44.247 किलोमीटरचा त्याआधीचा विक्रम स्विस खेळाडू ऑस्कर एग याने 1914 साली केला होता. एकोणीस वर्षे त्याला कोणी हात लावू शकले नव्हते.

आता प्रश्न उभा राहिला, की हा विक्रम सायकलचा मानायचा का? 1934 च्या आरंभी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने उत्तर दिले, नाही. क्रँक कुठे असावी, सीट तिच्या किती मागे असावी, याची मापे ठरवून देण्यात आली आणि त्या मापांत मोशेची सायकल बसेना. फॉरचा विक्रम वेगळ्या रकान्यात गेला. मोशे त्याच वर्षी वारला. महासंघाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शर्यत माणसांची की यंत्रांची, हा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पण परिणाम शर्यतीपुरता राहिला नाही. कारखाने शर्यत जिंकणाऱ्या सायकलीसारख्याच सायकली घडवतात आणि लोक त्याच विकत घेतात. जी वस्तू मैदानातून गेली, ती दुकानातूनही गेली. 1939 साली फॉरने कवच चढवलेल्या रिकम्बंटवरून तासाभरात 50 किलोमीटरचा टप्पा ओलांडला; त्याचाही व्यवहारात काही उपयोग झाला नाही. युद्धकाळात जर्मन अमलाखालच्या फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा चारचाकी व्हेलोकारला पुन्हा थोडे दिवस आले, एवढेच.

वेगाचे गुपित साधे आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला, की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. वेग दुप्पट झाला, की हवेचा रोध चौपट होतो. ताठ बसलेला माणूस छाती काढून त्या हवेला सामोरा जातो, पाठ टेकलेला माणूस तिच्याखालून निसटतो. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील प्राध्यापक चेस्टर काईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा नव्याने पाठपुरावा केला. 1976 साली मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिथे आकारावर बंधन नव्हते. नेवाडा राज्यातील बॅटल माउंटनजवळच्या सरळ, निर्जन रस्त्यावर दरवर्षी वेगाच्या चाचण्या होतात. 2016 साली कॅनडाचा टॉड राइकर्ट तिथे ताशी 144 किलोमीटरच्या वेगाने गेला. ना इंजिन, ना बॅटरी. बंद कवचात पहुडलेला एक माणूस आणि त्याचे दोन पाय. कवचाला खिडकीसुद्धा नव्हती. रस्ता त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत होता.

हे सारे थक्क करणारे असले, तरी रिकम्बंट चालवणाऱ्या सामान्य माणसाला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. तो वेगळ्याच गोष्टी सांगतो. नेहमीच्या सायकलवर, विशेषतः वाकड्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलवर, देहाचा भार तीन ठिकाणी विभागतो, अरुंद सीटवर, तळहातांवर आणि पेडलवर. दोन-तीन तासांनी बोटांना मुंग्या येतात, वाकलेल्या पाठीवर मान उचलून धरावी लागल्याने मानेचे स्नायू ओरडू लागतात आणि सीटविषयी तर चारचौघांत बोलणेही अवघड. रिकम्बंटमध्ये भार पाठीवर आणि रुंद बैठकीवर पसरतो. हात केवळ दिशा देण्यापुरते उरतात. मान सैल, डोळे सरळ समोर. नेहमीचा सायकलस्वार बराच वेळ पुढचे चाक आणि डांबर पाहतो. याला झाडांचे शेंडे, डोंगराची कड, उतरलेले ढग दिसतात. प्रवासाला निघून प्रवासच पाहता येणे, हे सुख लहान नव्हे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची 1200 किलोमीटरची प्रसिद्ध फेरी शर्यत नसल्याने तिथे महासंघाची मापे आड येत नाहीत. पुण्या-मुंबईचे सायकलपटू ज्या ‘ब्रेव्हे’ फेऱ्या करतात, त्याच परंपरेतली ही फेरी. तिच्यात रिकम्बंटस्वार हटकून दिसतात.

दुचाकी रिकम्बंट शिकायला थोडी खट्याळ आहे. वर्षानुवर्षे सायकल चालवलेला माणूसही पहिल्या दहा मीटरांत लहान मुलासारखा वेडावाकडा जातो, कारण शरीराला सवयीचा तोल इथे उपयोगी पडत नाही. वर सांगितलेल्या जिन्याखालच्या सायकलीच्या धन्यासाठी ती नाही. त्याच्यासाठी आहे तीनचाकी. तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात दोन चाके पुढे आणि एक मागे असते, बैठक जमिनीपासून वीतभर किंवा थोडी अधिक उंच, आणि हँडलच्या दोन मुठी मांड्यांच्या दोन्ही बाजूंना. बसायचे आणि निघायचे. थांबल्यावर पाय टेकायला नको, चढावर दम लागला तर ब्रेक लावून तिथेच विसावता येते, आणि बारीक गिअरवर चालण्याच्या गतीने चढले तरी चाक डळमळत नाही. पक्षाघातानंतर एक बाजू दुर्बळ झालेल्यांसाठी दोन्ही ब्रेक एकाच हाताने लावण्याची सोय करता येते आणि पाय पेडलवर सांभाळून धरणारे आधारही मिळतात. कंपवाताने किंवा आतल्या कानाच्या दोषाने ज्यांचा तोल बिघडला आहे, अशांनाही पश्चिमेकडे या तीनचाकीने पुन्हा रस्त्यावर आणले आहे. अर्थात, हृदयविकार किंवा सांध्यांचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

उणिवाही सांगायला हव्यात. चढावर पेडलवर उभे राहून सारा भार टाकण्याची युक्ती इथे चालत नाही. दुचाकी असो वा तीनचाकी, रिकम्बंट चढावर मागेच पडते. मांड्यांचे स्नायू नव्या कोनाला सरावायला काही आठवडे जातात. चालत्या तीनचाकीत पाय पेडलवरून निसटून जमिनीला लागला, तर तो गाडीखाली ओढला जाऊन गंभीर दुखापत होऊ शकते. म्हणून पाय पेडलला जोडलेले असणे ही चैन नसून गरज आहे. वेगात वळताना आतल्या बाजूला झुकावे लागते, नाही तर एक चाक उचलले जाते. गाडी रुंद आणि जड, जिन्यावरून नेणे अशक्यच. आणि ती बुटकी असल्याने मागे उंच काठीवर झेंडा लावावा लागतो.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. पहिली रस्त्याची आणि खिशाची. खड्डा चुकवायला तीन चाकांना तीन वाटा शोधाव्या लागतात, ट्रकच्या चाकाच्या उंचीवर बसून हमरस्त्याने जाणे शहाणपणाचे नाही, आणि परदेशातून मागवलेली चांगली तीनचाकी लाखांच्या घरात जाते. दुसरी अडचण मनाची. तीनचाकी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर हाताने फिरवायची, अपंग बांधवांची गाडी येते आणि तिच्यामागोमाग कीव येते. ती गाडी चालवणारा माणूस दंडांच्या बळावर रोज जितके अंतर कापतो, तितके धडधाकट माणसे पायी चालत नाहीत, हे आपण पाहूनही पाहत नाही. त्यामुळे तीनचाकी सुचवली, की आजोबा रागावतात, ‘मला काय पांगळा ठरवता?’ नेदरलँड्समध्ये कवचाची तीनचाकी घेऊन पावसातही कामावर जाणारे लोक भेटतात; तिथे त्यांच्या प्रकृतीची चौकशी कोणी करत नाही.

संकुलाच्या आतले रस्ते, पहाटेची मोकळी मैदाने, गावाबाहेरचा शेतरस्ता, इतकी जागाही आरंभाला पुरते. ज्यांनी चालवली आहे ते सांगतात, की मोटारवाले अशा गाडीजवळून जाताना उलट अधिक अंतर ठेवतात. हे काय आहे, ते त्यांना नीट पाहायचे असते. सिग्नल लागला, की बाकीचे सायकलवाले एक पाय टेकून तिरके उभे राहतात. तीनचाकीवाला आरामखुर्चीत रेललेलाच असतो आणि शेजारच्या रिक्षातले मूल आईचा हात ओढून विचारत असते, ‘आपण हिच्यात कधी बसायचं?’