तार कुठे बसवायची?

१४८, १३२ आणि १२३ मिलिसेकंद. हृदयाच्या वरच्या दोन्ही कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, वीज पसरायला लागणाऱ्या वेळेची, ईसीजीवरच्या ‘पी’ लहरीची, ही सरासरी मापे. पेसमेकरची तार नेहमीच्या जागी, उजव्या अलिंदाच्या पुढच्या पिशवीत बसवली की १४८. हृदयाची स्वतःची लय चालू असताना १३२. आणि तार दोन अलिंदांमधल्या पडद्यावर अगदी वर, बाखमन पट्ट्याजवळ बसवली की १२३. उजवीकडची वीज डावीकडे नेणारा हा स्नायूंचा पट्टा बाखमन यांनी १९१६ साली अभ्यासला होता.

ही मापे बेलिन आणि सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या चाचणीतली. रुग्ण १२०, सगळे अधूनमधून ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांची अनियमित थरथर, होणारे. वर्षभरात फिब्रिलेशन कायमचे न जडलेल्यांचे प्रमाण पट्ट्याजवळ ७५ टक्के, पिशवीत ४७ टक्के.

एवढ्यावर पिशवी सोडून द्यावी असे कुणालाही वाटेल. पण २०१३ साली ‘सेफ’ चाचणी आली. ३८५ रुग्ण, सरासरी ३.१ वर्षे पाठपुरावा. त्यांतल्या ९९ जणांचे, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांचे, फिब्रिलेशन चिवट झाले आणि तार पिशवीत की पडद्यावर, याने फरक पडला नाही.

इथे घाई करू नये. ‘सेफ’मधली तार पडद्याच्या खालच्या भागात होती, बेलिन यांची वरच्या. ‘पडदा’ म्हणून दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर निष्कर्ष चुकतो. ‘सेफ’ने बाखमन पट्टा खोटा ठरवलेला नाही, त्याच्या बाजूचा पुरावा मात्र अजून १२० रुग्णांइतक्या लहान चाचण्यांवर उभा आहे.

दुसरा प्रश्न, अलिंदाला पेसमेकरची गरज किती वेळा पडते? वरची लय निरोगी आणि अडथळा फक्त खाली जाणाऱ्या वाटेवर असेल, तर अलिंदातली तार बहुतेक वेळ नुसती ऐकते. तिथे पंचवीस मिलिसेकंदांचा लाभ जवळजवळ शून्य. पिशवीत तार चटकन अडकते, हेही कमी नाही, कारण तार सुटली तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते: कुठल्याही जागच्या तारा धरून, डेन्मार्कमधल्या ५,९१८ रुग्णांच्या नोंदींत २.४ टक्क्यांना तारेपायी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

म्हणून बहुतेकांसाठी पिशवीच योग्य. लांब ‘पी’ लहर, फिब्रिलेशनचा इतिहास आणि अलिंदाला सतत पेसिंगची गरज, हे तिन्ही एकत्र असतील, तर बाखमन पट्ट्याबद्दल आपल्या डॉक्टरांना तार बसण्याआधीच विचारा.