अश्रूंचा अधिकार

१९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जयप्रकाशनगरासारख्या वस्त्या झोपेतच उद्ध्वस्त झाल्या. इंद्रपुरी त्या कारखान्यापासून दूर; परंतु सोबत्याच्या मरणाचे दुःख वस्तीची हद्द पाहून थांबत नाही.

अशा कोवळ्या मुलांना वडीलधारी माणसे ‘देवाची इच्छा’ एवढे सांगून गप्प करतात. ख्रिस्ती सांत्वनाचा पाठ निराळा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात, लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही, मित्राच्या कबरेपाशी येशूला अश्रू आवरले नाहीत. शोक म्हणजे अश्रद्धा नव्हे, याची याहून मोठी ग्वाही कोणती? पुनरुत्थानाची आशा अश्रूंनंतर येते, अश्रूंच्या बदल्यात नव्हे. मदर तेरेसाही त्या डिसेंबरात भोपाळच्या पीडितांजवळ जाऊन बसल्या.

आजही वर्गमित्र दगावला की अनेक शाळांत दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि तास पुढे सुरू होतो. शिक्षकांनी, पालकांनी आणि धर्मगुरूंनी त्या दिवशी उपदेश आवरावा, मुलांजवळ बसावे आणि गेलेल्याचे नाव त्यांना मोकळेपणी घेऊ द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. भोपाळइतकेच ते आमच्या गोमंतकालाही लागू आहे.