घेराचा हिशेब

बंगळूरच्या चिकपेटमध्ये नाचाचं कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चटकन ओळखू येतं. साडी घेणारी बाई काठ-पदर बघते, पोत चिमटीत धरून तपासते. नाचाचं कापड घेणारी थानाचं टोक पकडून हात उंच करते आणि कापड सोडून देते. शिफॉन रेंगाळत खाली येतं, सॅटिन सरळ पडतं, कडक नेट जागच्या जागी फुगून राहतं. दुकानदार निमूटपणे पुढचं थान उलगडतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस आले की हे रोजचंच.

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या पेटेतला, म्हणजे जुन्या बाजारवस्तीतला, हा एक मुख्य रस्ता. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मराठी बोलणारी शिंपी आणि भावसार घरं आजही या शहरात आहेत. रेशमी साड्यांसाठी चिकपेटचं नाव दूरवर गेलेलं असलं, तरी लेस, टिकल्या, अस्तर, कॅनकॅन यांच्यासाठी येणारी गर्दीही कमी नसते. या गर्दीत कुणाला कोळीनृत्याचे कपडे हवे असतात, तर कुणाला जुन्या हॉलिवुड संगीतपटातल्यासारखा गोल फिरणारा झगा.

त्या झग्याचं गणित शिंपी आधी कागदावर मांडतो. कंबर २८ इंच असेल, तर पूर्ण गोल घेरासाठी मधल्या वर्तुळाची त्रिज्या साधारण साडेचार इंच. खाली २८ इंच उंची धरली की एकूण त्रिज्या साडेबत्तीस. ४४ इंच पन्ह्यात एवढं वर्तुळ अखंड बसत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळं कापून जोडायची. दुमडीसकट साडेतीन मीटर कापड लागतं. कापलेला घेर लगेच दुमडायचा नाही, रात्रभर टांगून ठेवायचा. आडव्या-उभ्या धाग्यांवर सरळ आलेला भाग लांबत नाही, तिरका आलेला लोंबतो. सकाळी खालची कड पुन्हा समान कापून मगच शिलाई. हा टप्पा गाळला तर मुलगी गिरकी घेते तेव्हा घेर एका बाजूला खाली झुकतो आणि पहिल्या रांगेतल्या आईला तेवढंच दिसतं.

हॉलिवुडच्या त्या संगीतपटांत, पडद्यावर तर काहीच लपत नव्हतं. नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचा आग्रह असे की नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि मधे कापाकापी कमीत कमी असावी. त्यामुळे कपड्यांचीही परीक्षा व्हायची. त्याच्या कोटाचा मुंढा वर आणि आवळ कापलेला असे. मुंढा खाली आणि सैल ठेवला की हात उचलताच अख्खा कोट वर ओढला जातो. वर ठेवला तर बाही हलते, कोट जागेवर राहतो. ही गोष्ट चिकपेटच्या कुठल्याही जाणत्या शिंप्याला समजावून सांगावी लागणार नाही.

‘टॉप हॅट’ (१९३५) मध्ये त्याची जोडीदार जिंजर रॉजर्सच्या झग्याला शहामृगाची पिसं होती. नाच सुरू झाला की ती सुटून अस्टेअरच्या तोंडावर, कोटावर उडायची. शेवटी ती पक्की शिवून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी ‘फॉलो द फ्लीट’मध्ये तिच्या मण्यांनी जड झालेल्या बाहीचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला. ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये (१९५२) नर्तकी सिड शॅरिसच्या मागे लांबच लांब पांढरं रेशीम हवेत लहरतं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर विमानाच्या मोटरी लावून वारा सोडला होता.

रंगांचीही तऱ्हा होती. टेक्निकलरमध्ये पांढरं कापड डोळ्यांवर येई, म्हणून ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधला नायिका डोरोथीचा पांढरा दिसणारा ब्लाउज प्रत्यक्षात फिकट गुलाबी होता. मूळ पुस्तकातले तिचे चांदीचे बूट पडद्यासाठी लाल झाले आणि एकेका बुटाला २,००० हून अधिक टिकल्या लागल्या.

आपल्याकडे पडद्यावरच्या कपड्यांचा असा विचार करणारं ठळक नाव म्हणजे कोल्हापूरच्या भानू अथय्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मध्ये शम्मी कपूरबरोबर नाचणाऱ्या मुमताजला त्यांनी नारिंगी साडी दिली. नेसलेली साडी त्या ठेक्यावर टिकली नसती. म्हणून ती आधीच शिवून, झिप लावून तयार केली होती. ती पाहून कित्येकींनी तशी साडी शिवून घेतली.

शाळेच्या रंगमंचावर विमानाची मोटर नसते, रीटेकही नसतो. कपडे मात्र बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी मुलींच्या हाती पडतात. मग ऐन नाचात टाचेखाली घेर येतो, बाहीतली टाचणी टोचते, टिकल्यांची लेस शेजारणीच्या केसांत अडकते. हे टाळणं अवघड नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी कापड महिनाभर आधी घ्यावं, एक झगा आधी शिवून घ्यावा, तो घालून एका मुलीला पूर्ण गाणं नाचायला लावावं, आणि मगच बाकीच्या झग्यांच्या कापडाला कात्री लावू द्यावी.