इंग्लंडातील न्यायाच्या पायऱ्या

लोकमान्य टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर लंडनच्या हायकोर्टात लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा निकाल १९१९ साली ज्यूरीने चिरोलच्या बाजूने दिला, आणि खर्चाचा जो डोंगर त्यामुळे टिळकांवर कोसळला तो निवारण्यासाठी महाराष्ट्राला फंड उभारावा लागला. परंतु ताईमहाराज दत्तकप्रकरणात मुंबई हायकोर्टाचा प्रतिकूल निवाडा फिरवून १९१५ साली त्याच टिळकांना न्याय देणारी प्रिव्ही कौन्सिलही लंडनचीच होती. राज्यकर्त्यांना नकोशा झालेल्या पुरुषाच्याही पदरी न्याय घालण्याइतका विवेक आणि तो मिळवण्यासाठी मोजावा लागणारा जबर दाम, हे इंग्रजी न्यायपद्धतीचे दोन्ही विशेष तिची आजची घडण समजून घेतानाही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

संबंध ब्रिटनला लागू असलेली एकच न्यायव्यवस्था नाही. इंग्लंड आणि वेल्स यांची न्यायालये एक, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांची निराळी. इंग्लंडात फौजदारी खटला किरकोळ चोरीचा असो वा खुनाचा, तो मॅजिस्ट्रेट कोर्टातच सुरू होतो, आणि शेकडा नव्वदांहून अधिक खटल्यांचा शेवटही तेथेच होतो. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हटला की पगारी, कायदेपंडित अंमलदार डोळ्यांपुढे येतो. तिकडे असे न्यायाधीश थोडे, आणि बहुसंख्य मॅजिस्ट्रेट हे ‘जस्टिस ऑफ द पीस’ या १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेल्या पदवीचे वारस, सामान्य नागरिकांतून निवडलेले, बिनपगारी आणि कायद्याच्या पदवीवाचून काम करणारे असतात. दोघे किंवा तिघे मिळून ते न्यायासनावर बसतात, कायद्याचा मुद्दा निघाला म्हणजे कोर्टातील कायदेसल्लागाराचे मार्गदर्शन घेतात, आणि निर्णय मात्र स्वतःच्या जबाबदारीवर देतात.

खून, दरोडा, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे क्राउन कोर्टाकडे जातात. न्यायाधीशांनी गावोगाव फिरून खटले चालवण्याची शतकानुशतकांची फिरती न्यायसभा मोडून १९७२ पासून हे कोर्ट स्थापन झाले. परंतु ज्यूरी तशीच राहिली. आरोपीने गुन्हा नाकबूल केला, तर तो दोषी की निर्दोष हे मतदारयादीतून सहजगत्या निवडलेल्या १२ नागरिकांनी ठरवायचे, आणि न्यायाधीशाने कायदा समजावून सांगायचा व दोष शाबीत झाल्यास शिक्षा ठोठवायची, अशी ही कामाची वाटणी आहे. एकमत होता होत नाही असे दिसल्यास दहा विरुद्ध दोन अशा बहुमतावर निकाल घेण्याची मुभा १९६७ च्या कायद्याने दिली. मात्र आपल्या निर्णयाची कारणे ज्यूरीने कोणालाही द्यायची नसतात.

दिवाणी बाजूला भाडे, कर्जवसुली, अपघाताची भरपाई असे नित्याचे कज्जे काउंटी कोर्टात चालतात. ही कोर्टे १८४६ च्या कायद्याने निघाली, ती स्वस्त आणि जवळच्या न्यायासाठी. मोठे व गुंतागुंतीचे दावे किंग्ज बेंच, चॅन्सरी आणि फॅमिली या हायकोर्टाच्या तीन शाखांकडे येतात. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही खर्च बहुतांशी सोसावा, हा दिवाणी दाव्यांचा साधारण दंडक असल्यामुळे, बाजू खरी असूनही मध्यम स्थितीचा मनुष्य कोर्टाची पायरी चढताना दहादा विचार करतो.

हायकोर्टाच्या वर अपील कोर्ट आणि सर्वांच्या शिरोभागी सुप्रीम कोर्ट. हे सुप्रीम कोर्ट मात्र वयाने लहान आहे. २००९ पर्यंत अंतिम अपिले पार्लमेंटच्याच वरिष्ठ सभागृहातील कायदेपंडित लॉर्ड ऐकत असत, आणि कायदे करणारे व कायद्याचा अर्थ लावणारे अशा रीतीने एकाच छपराखाली नांदत असत. २००५ च्या कायद्याने ही सरमिसळ संपवून १२ न्यायमूर्तींचे स्वतंत्र न्यायालय निर्माण केले.

या सोपानाला समांतर अशी ट्रायब्यूनलांची दुसरी वाट आहे, आणि सामान्य माणसाचा सरकारशी जो रोजचा तंटा होतो तो बहुधा याच वाटेने जातो. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यापासून बेकारभत्ता, निवृत्तिवेतन, कर, आश्रय अशा एकेका विषयासाठी स्वतंत्र मंडळे निघत गेली. पण ज्या खात्याच्या हुकमाविरुद्ध दाद मागायची, त्याच खात्याच्या पदराखाली यांतील पुष्कळशी मंडळे राहत असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका उरे. खुलेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपात ही त्रिसूत्री फ्रँक्स समितीने १९५७ सालीच घालून दिली होती; २००७ च्या कायद्याने बहुतेक ट्रायब्यूनले एकत्र करून प्रथमस्तरीय आणि वरिष्ठ अशा दोन पायऱ्यांत बसवली. येथे वकिलावाचून चालते, आणि हरणाऱ्यावर समोरच्याचा खर्च सहसा लादला जात नाही. अपंगत्वाच्या भत्त्याचे अपील ऐकताना न्यायाधीशाच्या जोडीला एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती बसते, म्हणजे कागदावरील नियमाला जीवनातील ज्ञानाची जोड मिळते.

मालक व नोकर यांचे तंटे ऐकणारी रोजगार ट्रायब्यूनले या दोन पायऱ्यांहून वेगळी आहेत. २०१३ साली सरकारने तेथे १,२०० पौंडांपर्यंत फी बसवली, तेव्हा दाव्यांची संख्या झपाट्याने कोसळली. युनिसन या कामगार संघटनेने ही फी आव्हानित केली, आणि न्यायालयाचे दार सर्वांना प्रत्यक्षात उघडे असल्यावाचून कायद्याचे राज्य पोकळ ठरते, या तत्त्वावर सुप्रीम कोर्टाने २०१७ साली तो हुकूमच रद्दबातल ठरवला. त्या देशातील न्यायमूर्तींच्या विद्वत्तेची थोरवी आपण अवश्य गावी. परंतु न्यायव्यवस्थेचा कस लागतो तो पगार बुडालेल्या कामगाराला फीची धास्ती न बाळगता दाद मागता येते की नाही, यावरच.