विश्लेषण : गेजवर ८ बार, तरीही नट सुटेना! घरच्या कॉम्प्रेसरचा दाब जातो कुठे?

टाकी भरली, मोटर आपोआप बंद झाली, गेजचा काटा ८ बारवर आहे. इम्पॅक्ट गन चाकाच्या नटला लावून ट्रिगर दाबला की पहिली काही सेकंद जोर जाणवतो, मग गन नुसतीच घरघरते. कारची किरकोळ कामे किंवा रंगकाम घरीच करण्यासाठी १-२ एचपीचा कॉम्प्रेसर घेतलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. त्यावर ‘मोठा कॉम्प्रेसर घ्यावा लागेल’ किंवा ‘प्रेशर अजून वाढवून बघू’ असे निष्कर्ष काढले जातात. पहिल्यात पैसे वाया जाऊ शकतात. दुसऱ्यात टाकी फुटू शकते.

गेज चुकीचे दाखवते का?

बहुतेक वेळा नाही, पण ते अर्धीच माहिती देते. हवा वाहत नसते तेव्हा टाकीतून निघालेल्या नळीत रेग्युलेटरपासून गनपर्यंत दाब सारखाच असतो, मग नळी कितीही बारीक असो. ट्रिगर दाबला की हवा धावू लागते आणि प्रत्येक अरुंद जागी थोडा थोडा दाब खर्च होतो. सकाळी सोसायटीत सगळ्यांनी एकाच वेळी नळ सोडले की शेवटच्या घरात धार बारीक होते, तसेच हे. बहुतांश हवेवरची साधने ९० पीएसआय, म्हणजे साधारण ६.२ बार दाबासाठी बनवलेली असतात. हा दाब साधनाच्या तोंडाशी आणि तेही साधन चालू असताना मिळायला हवा. टाकीवरच्या आकड्याशी त्याचा थेट संबंध नाही.

मग मोजायचे कसे?

गनच्या आधी एक टी जॉइंट बसवून त्यावर छोटे गेज लावायचे. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतात. आता ट्रिगर दाबून ठेवायचा आणि टाकीचे, रेग्युलेटरचे व गनजवळचे अशी तिन्ही गेज एकाच वेळी पाहायची. टाकीचाच काटा झरझर उतरत असेल तर हवा कमी पडते आहे. टाकी ठीक, पण रेग्युलेटरच्या पुढचा दाब पडत असेल तर रेग्युलेटर लहान आहे किंवा त्याचा फिल्टर तुंबला आहे. दोन्ही ठीक आणि फक्त गनजवळ दाब पडत असेल, तर नळी किंवा कपलर दोषी. तिन्ही ठीक असूनही जोर नसेल, तर गन उघडून पाहण्याची वेळ आली. तिच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी कचऱ्याने भरलेली असते किंवा आतल्या पात्या तेलाविना झिजलेल्या असतात. वापरण्यापूर्वी न्यूमॅटिक ऑइलचे दोन-चार थेंब टाकायचे असतात, हे अनेकांना माहीतच नसते.

सगळ्यात जास्त दोष कुणाचा?

आधी संशय घ्यावा तो नळीवर. आपल्याकडे सर्रास मिळणारी निळी पीयू नळी बाहेरच्या व्यासाने विकली जाते. ‘८ एमएम’ म्हणून घेतलेल्या नळीचा आतला व्यास बहुधा ५ मिमी असतो, १० एमएमचा ६.५ आणि १२ एमएमचा ८. फरक किरकोळ वाटतो, पण तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून न्यायची असेल तर दाबातली घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. म्हणजे आतला व्यास ५ वरून ८ मिमी केला की घट जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. कॉम्प्रेसर बदलण्याआधी हा खर्च करून पाहावा, असे गणितच सांगते. वेटोळ्यांची नळी दिसायला सुटसुटीत असली तरी ताणली नसतानाही तिची पूर्ण लांबी हवेला पार करावी लागते. क्विक कपलरचे भोकही पाहून घ्यावे. एका मार्गात असे तीन-चार कपलर असतील तर चांगली नळीही निरुपयोगी ठरते.

रेग्युलेटर लावतानाही ट्रिगर दाबलेला हवा. बंद अवस्थेत ९० पीएसआय लावले तर चालू असताना तेवढे मिळत नाहीत. मात्र ट्रिगर सोडल्यावर वाढणारा दाब साधनावर लिहिलेल्या कमाल मर्यादेपलीकडे जाता कामा नये.

कॉम्प्रेसरच कमी पडत असेल तर?

२४ लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत साधारण ४८ लिटर मोकळी हवा देते. अर्धा इंची इम्पॅक्ट गनच्या माहितीपत्रकात ४-५ सीएफएम लिहिलेले असते, पण तो थांबून थांबून वापराचा सरासरी आकडा आहे. ट्रिगर दाबलेला असताना मागणी कित्येक पट असते. ती मिनिटाला ४०० लिटर धरली तर ४८ लिटर सात सेकंदांत संपतात.

तुमचा कॉम्प्रेसर किती हवा देतो, हे फोनच्या स्टॉपवॉचवर कळते. टाकी पूर्ण रिकामी करा आणि ८ बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते पाहा. २४ लिटरला २ मिनिटे लागली तर २४ गुणिले ८ भागिले २, म्हणजे मिनिटाला सरासरी ९६ लिटर, साधारण ३.४ सीएफएम. खोक्यावरचा आकडा बहुधा याहून मोठा असतो, कारण तो पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. हाच वेळ पूर्वीपेक्षा वाढला असेल तर हवेचा फिल्टर, व्हॉल्व्ह प्लेट किंवा पिस्टन रिंग तपासून घ्यावी. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर मोटरला व्होल्टेज कमी मिळते, तेही एक कारण.

गळती शोधायला साबणाचा फेस पुरतो. मोटर बंद होताना एकदा ‘फुस्स’ आवाज येणे नेहमीचे आहे, पण तो थांबतच नसेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गेला असे समजावे. टाकीच्या तळाचे पाणी रोज काढावे. कोकणातल्या पावसाळी हवेत ते झपाट्याने साचते, टाकीतली जागा खाते आणि पत्रा आतून गंजवते.

काय अजिबात करू नये?

प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून कट-ऑफ वाढवणे आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून हवा सुटते म्हणून तो बंद करणे. आतून गंजलेल्या टाकीसोबत हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइपही दाबाच्या हवेसाठी वापरू नये. पाण्याचा पाइप फुटला तर घर भिजते, हवेचा फुटला तर धारदार तुकडे उडतात. कोणताही जोड उघडण्याआधी दाब शून्यावर आणावा.

खिळे मारण्याची गन, टायरमध्ये हवा भरणे, धूळ उडवणे ही कामे छोटा कॉम्प्रेसर आरामात करतो. सँडर किंवा मोठी स्प्रे गन मात्र अखंड हवा मागते. तिथे नळी बदलूनही १ एचपीचे यंत्र पुरणार नाही. आणि वर्षातून दोनदा चार चाकांचे नट काढणे एवढेच काम असेल, तर लांब दांड्याचा पाना आणि बसवताना टॉर्क रेंच या जोडीला ना वीज लागते, ना टाकी.