चेंडू अंगावर मारण्यात कसला न्याय?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये कुणी जास्त मस्ती केली की पिचर त्याच्या अंगावर चेंडू मारतो आणि हिशेब मिटतो, असं सर्रास सांगितलं जातं. हे नियमात बसतं, असाही अनेकांचा समज आहे. मुळीच नाही. बॅटरला मुद्दाम चेंडू मारायला नियमपुस्तकात स्पष्ट मनाई आहे. अंपायर पिचरला मैदानाबाहेर काढू शकतो. अर्थात लागलेला प्रत्येक चेंडू सुडाचा नसतो. बहुतेक वेळा तो हातातून निसटलेलाच असतो.

‘जो आगळीक करतो, त्यालाच शिक्षा’ हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. १७ ऑगस्ट २०२० ची सॅन डिएगो पाड्रेस आणि टेक्सास रेंजर्स यांची लढत घ्या. आठव्या इनिंगमध्ये पाड्रेस १०-३ ने पुढे, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल झालेले, स्ट्राइक एकही नाही. एवढी आघाडी असताना असा चेंडू सोडून द्यायचा, हा अलिखित संकेत. २१ वर्षांच्या फर्नांडो टाटिस ज्युनिअरने तो सोडला नाही, ग्रँड स्लॅम म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला. त्याचं काम धावा काढण्याचं. त्याने ते केलं. रेंजर्सनी पिचर बदलला आणि नव्या पिचरने, इयान गिबॉटने, मॅनी मचाडोच्या पाठीमागून चेंडू काढला. मचाडोचा गुन्हा एवढाच, की टाटिसनंतर त्याची पाळी होती.

‘फार तर काळंनिळं होईल’ असं म्हणणाऱ्यांनी बॅटर रे चॅपमनला आठवावं. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये पिचर कार्ल मेसचा चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. आवाज एवढा मोठा, की बॅटला लागला असं समजून मेसने परत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी चॅपमन गेला. मेसने मुद्दाम मारला, हे कधीच सिद्ध झालं नाही. पण चेंडूला हेतू कळत नाही. हेल्मेटची सक्ती व्हायला पुढे १९७१ उजाडलं.

आणि ‘लीग कडक शिक्षा करते’? मे २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या कोल हॅमल्सने १९ वर्षांच्या ब्राइस हार्परला चेंडू मारला आणि मुद्दाम मारल्याचं स्वतःच सांगितलं. बंदी पाच सामन्यांची. हॅमल्ससारख्या स्टार्टरची, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरची, पाळी येते साधारण दर पाचव्या दिवशी. म्हणजे गमावलं जवळपास काहीच नाही. स्टार्टरची बंदी सामन्यांत न मोजता त्याच्या पाळ्यांत मोजायला हवी.